ओलेग लोसेव

ओलेग व्लादिमिरोविच लोसेव (१० मे १९०३ – २२ जानेवारी १९४२) हे सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ होते. आजच्या एलईडी आणि अर्धवाहक लेसरमागील प्रकाशनिर्मितीच्या आद्य अभ्यासकांत त्यांची गणना होते.

जीवन

लोसेव यांचा जन्म रशियातील त्वेर येथे झाला. विद्यापीठीय शिक्षण न घेता ते निझ्नी नोवगोरोद येथील रेडिओ प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून लागले. १९२२ मध्ये त्यांनी झिंकाइट स्फटिकाच्या आधारे निर्वात नलिकेशिवाय रेडिओ लहरींचे प्रवर्धन करून दाखवले. पुढे ते लेनिनग्राडमधील वैद्यकीय संस्थेत भौतिकशास्त्र शिकवीत. १९३८ मध्ये त्यांना प्रबंधाशिवाय 'कँडिडेट' ही पदवी मिळाली.

संशोधन

कार्बोरंडम स्फटिकातून वीजप्रवाह जाताना दिसणारी चमक १९०७ मध्ये हेन्री राउंड यांनी नोंदवली होती. लोसेव यांनी तिचा सखोल अभ्यास केला. चमकत्या बिंदूवर ठेवलेला बेंझीनचा थेंब अतिशय सावकाश उडून गेला; त्यावरून हा प्रकाश उष्णतेतून निर्माण होत नाही, हे त्यांनी सिद्ध केले. त्याच्या साहाय्याने जलद संदेशवहन करणाऱ्या 'प्रकाश रिले'चे पेटंटही त्यांनी घेतले.

मृत्यू व वारसा

दुसऱ्या महायुद्धातील लेनिनग्राडच्या वेढ्यात, वयाच्या अवघ्या ३८व्या वर्षी, उपासमारीने त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे कार्य दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. १९६२ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट हॉल यांनी गॅलियम आर्सेनाइडचा लेसर तयार केला. १९७० मध्ये लेनिनग्राडमध्येच झोरेस अल्फेरोव यांच्या गटाने सामान्य तापमानाला अखंड चालणारा अर्धवाहक लेसर साकारला.