रविवार मिळवून देणारा स्टोअरकीपर : नारायण मेघाजी लोखंडे



जानेवारी २०२२ पासून अमिरातीतली साप्ताहिक सुट्टी शुक्रवारवरून शनिवार-रविवारकडे सरकली आणि आपल्यापैकी अनेकांना मुंबईसारखा रविवार परत मिळाला. आता रविवारी संध्याकाळी रोल्लाच्या बागेत तुम्ही बसता, गावाकडे फोन लावता, वंदनेला एकत्र येता. ही सुट्टी मुळात कोणी दिली, असं आपल्या मुलांना विचारून पाहा. बहुतेक जण सांगतील, इंग्रजांनी. इंग्रजांच्या कचेऱ्यांना रविवारी सुट्टी होती, हे खरं. मुंबईच्या गिरणी कामगाराला मात्र ती नव्हती. त्याच्यासाठी ती मागून घेणारा माणूस जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातला होता.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ चा. मूळ गाव पुणे जिल्ह्यातलं खेडजवळचं कन्हेरसर, जात माळी. शिक्षण ठाण्यात, मॅट्रिकच्या आसपास थांबलेलं. रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी करून ते मुंबईच्या मांडवी गिरणीत स्टोअरकीपर झाले. हे पद तुमच्यापैकी पुष्कळांच्या ओळखीचं असेल. मालकाचा माल सांभाळायचा, हिशेब चोख ठेवायचा आणि खात्यातल्या माणसांचे हाल रोज डोळ्यांनी पाहायचे. लोखंड्यांनी ते पाहिले आणि लिहिले. १८८० मध्ये ‘दीनबंधु’ हे सत्यशोधकांचं पत्र मुंबईला आलं, त्याचे संपादक ते झाले.

तेव्हाची गिरणी उजेडावर चाले. दिवस उगवला की भोंगा, मावळला की सुटका. उन्हाळ्यात हे तेरा-चौदा तासांपर्यंत जाई. यंत्रं बंद असली तरी ती पुसायला कामगाराला बोलावत. १८८१ चा कारखाने कायदा आला, पण त्याने पाहिलं ते मुख्यतः लहान मुलांकडे. सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घ्यायचं नाही, सात ते बाराच्या मुलाकडून नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही. मोठ्यांच्या तासांबद्दल आणि सुट्टीबद्दल तो गप्प होता.

सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंड्यांनी परळला कामगारांची सभा घेतली आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. त्यातल्या मागण्या सावकाश वाचा. आठवड्याला एक दिवस सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावं. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात पडावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, आणि कायमचा निकामी झाल्यास पोटापाण्याची सोय. एकही मागणी अवाच्या सवा नाही. मला वाटतं, स्टोअरकीपरची नजर ती हीच: नेमकं काय हवं, किती हवं.

त्याच सुमारास त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली. तिला निधी नव्हता, सभासदांची वही नव्हती, घटनाही नव्हती. आजच्या व्याख्येत ती युनियन बसणार नाही. तरी २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन बायकाही बोलल्या. १८९० सालात, हजारो पुरुषांपुढे! मालकांच्या संघाकडे अर्ज गेला आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. त्याच वर्षीच्या कारखाना आयोगावर लोखंड्यांना घेण्यात आलं, आणि १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी व दुपारची विश्रांती आली.

आता उणी बाजूही सांगायला हवी. फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ लोखंड्यांनी ‘दीनबंधु’त सुरू केला, पण दोन प्रकरणांनंतर छापणं थांबवलं, सरकारचा रोष ओढवेल ही भीती होती. जोतीराव त्यांच्यावर चिडले. आणि गिरणीतली अस्पृश्यता? आपल्या आजोबा-पणजोबांना विणकाम खात्यात, जिथे पगार जास्त, तिथे शिरूच देत नसत. कारण सांगत, धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणजे विटाळ. लोखंड्यांनंतर तीस वर्षांनीही हे चालूच होतं. १९२८ च्या संपात हा प्रश्न नेटाने पुढे आणला तो बाबासाहेबांनी. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांच्याच कारकिर्दीत, १९४६ साली, कारखान्यातला आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आला.

हाच ४८ चा आकडा तुमच्या इथल्या कायद्यातही आहे. फेब्रुवारी २०२२ पासून लागू झालेल्या कामगार कायद्यानुसार दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास, सलग पाच तासांनंतर एकूण किमान तासाभराची विश्रांती, आठवड्याला किमान एक पगारी सुट्टी, आणि वर्षभर नोकरी झाली की ३० दिवसांची रजा. मालकाने पासपोर्ट अडवून ठेवणं कायद्याला मान्य नाही. घरकाम करणाऱ्या भगिनींसाठी वेगळा कायदा आहे, त्यातही आठवड्याची पगारी सुट्टी आहे. इथे युनियन काढता येत नाही, पण मंत्रालयाकडे तक्रार करता येते. करार, पगाराची नोंद आणि हजेरी यांची प्रत स्वतःजवळ ठेवा. लोखंड्यांचा अर्जही नुसत्या आरड्याओरड्यावर नव्हे, नेमक्या मागण्यांवर उभा होता.

तुमच्यातले काही जण आता सुपरवायझर, फोरमन आहेत, काहींची स्वतःची दुकानं आहेत. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी मालकाची पाच कर्तव्यं सांगितली: ताकदीप्रमाणे काम, अन्न आणि वेतन, आजारपणात शुश्रूषा, गोडाधोडात वाटा आणि वेळोवेळी सुट्टी. कामगाराचीही पाच: मालकाआधी उठावं, त्याच्यामागून निजावं, दिलं तेवढंच घ्यावं, काम नीट करावं, मालकाचं नाव राखावं. माणूस मनापासून केव्हा राबतो, हे शोधायला वेगळं शिबिर भरवायची गरज नाही. ही यादी ड्यूटीच्या तक्त्याशेजारी लावा आणि गेल्या महिन्यात आजारी पडलेल्या पोराला काय वागणूक मिळाली ते आठवा.

लोखंड्यांना १८९५ मध्ये रावबहादूर किताब मिळाला. दोनच वर्षांत मुंबईत प्लेग पसरला. लोक शहर सोडून पळत होते, तेव्हा ते रुग्णांच्या सेवेत राहिले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच रोगाने गेले. महिनाभराने, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या.