संत कॅमिलस : मरणाऱ्यांच्या उशाशी बसलेला शिपाई



येत्या १४ जुलैला संत कॅमिलस ह्यांचा सण येतो. आजाऱ्यांचा, इस्पितळांचा, परिचारिकांचा आणि मरणोन्मुखांचा आश्रयदाता अशी त्यांची ओळख आहे. सण बहुधा कामाच्या दिवशी येतो, त्यामुळे मिस्सेला चारदोन आजीआजोबांपलीकडे कोणी नसते आणि हा संत आपल्याकडून नुसता नावापुरता ओळखला जातो. ह्या रविवारी आम्ही त्यांचे चरित्र मुद्दाम सांगत आहोत. डॉक्टरांनी आता औषधाचा उपयोग नाही, घरी न्या, असे सांगितल्यावर आपल्या माणसाला कोणाच्या हाती सोपवायचे आणि ते हात चांगले आहेत हे कसे ओळखायचे, हा प्रश्न उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या पुष्कळ घरांना पडतो. परळच्या टाटा इस्पितळाची फाईल पिशवीत घालून लोकलने परतणारी माणसे आपल्या गाडीत रोज असतात. हाच प्रश्न कॅमिलसनी सव्वाचारशेहून अधिक वर्षांपूर्वी हाती घेतला होता, आणि तोही स्वतः खाटेवर पडून पाहिल्यावर.

कॅमिलस द लेलिसचा जन्म २५ मे १५५० रोजी इटलीतील बुक्कियानिको ह्या गावी झाला. आई वयाने बरीच उतरलेली होती, आणि ती लवकरच वारली. बाप लष्करात अधिकारी होता आणि मुलाकडे त्याचे लक्ष जेमतेम होते. मुलगा वाढला तो साडेसहा फुटांच्या घरात उंची असलेला, तापट आणि जुगाराचा नाद लागलेला. सतराअठराव्या वर्षी बापाबरोबर तो तुर्कांविरुद्ध लढायला निघाला. बाप वाटेतच गेला. कॅमिलसच्या पायाला एक जखम झाली होती, ती चिघळली. ही जखम पुढे चाळीसहून अधिक वर्षे, मरेपर्यंत, भरली नाही. ती लक्षात ठेवावी, कारण त्याच्या आयुष्यातील बहुतेक वळणे तिच्यामुळेच आली.

१५७१ साली तो रोममधील सान जाकोमो इस्पितळात आला. असाध्य रोग्यांसाठीचे हे इस्पितळ होते. पायावर उपचार व्हावेत म्हणून त्याने तेथेच नोकराचे काम धरले. पण पत्ते आणि भांडणे सुटेनात, तेव्हा काही महिन्यांतच त्याला काढून टाकण्यात आले. ज्यांच्या सेवेचा पुढे त्याला एवढा राग आला, तशाच पगारी नोकरांपैकी तोही एक होता, हे चरित्रकार लपवीत नाहीत.

पुन्हा लष्कर, पुन्हा जुगार. १५७४ साली नेपल्समध्ये तो सर्वस्व हरला, अंगातला सदरासुद्धा. मानफ्रेदोनिया गावी चर्चच्या दाराशी भीक मागत असताना त्याला कपुचिन बंधूंच्या मठाच्या बांधकामावर मजुरी मिळाली. १५७५च्या २ फेब्रुवारीला, प्रभूच्या समर्पणाच्या सणाच्या दिवशी, सान जोव्हान्नी रोतोंदोहून गाढवावरून परतताना त्याला आपल्या जिण्याची लाज वाटली आणि तो रस्त्यातच गुडघे टेकून रडला. (पाद्रे पिओंमुळे हे गाव आज आपल्याला ठाऊक आहे.) कपुचिन संघात राहण्याची त्याची इच्छा होती, पण पायाची जखम उघडली आणि त्याला परत पाठवण्यात आले. काही वर्षांनी त्याने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच झाले. असा तो सान जाकोमोला परत आला आणि ह्या वेळी टिकला. हळूहळू सगळ्या इस्पितळाचा कारभार त्याच्याकडे आला.

येथून पुढचे कॅमिलस आपल्या विषयाचे. कारभारी म्हणून त्यांनी जे पाहिले ते भयंकर होते. आजाऱ्यांची सेवा करायला कोणी धजत नसे, म्हणून ज्याला दुसरे काही काम मिळत नाही असा माणूस तेथे येई. रात्री पाणी मागणाऱ्याला पाणी मिळत नसे. अंथरूण दिवसेंदिवस तसेच राही. संस्कारही घाईत उरकले जात. एवढेच नव्हे, तर प्राण पुरता गेला की नाही हे न पाहताच काहींना पुरायला नेले जाई, हेही त्यांच्या ध्यानात आले. पुढे त्यांनी आपल्या बंधूंना सांगून ठेवले की शेवटचा श्वास गेल्यासारखा वाटला तरी लगेच तोंडावर चादर ओढायची नाही, निदान पाव तास प्रार्थना चालू ठेवायची.

१५८२च्या ऑगस्टमध्ये, स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या सुमारास, त्यांच्या मनात एक विचार आला : पगारासाठी नव्हे, तर प्रीतीपोटी सेवा करणाऱ्यांचा एक मेळा उभा करावा. इस्पितळाच्या विश्वस्तांना वाटले, हा माणूस संस्था बळकावू पाहतो. त्यांनी मेळ्याची प्रार्थनेची खोली मोडून टाकली. कॅमिलस ह्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक संत फिलिप नेरी होते, आणि सान जाकोमो सोडू नये असेच त्यांचेही मत पडले. एका संताचे म्हणणे दुसऱ्या संताने ऐकले नाही, हे आम्हाला वाचताना नेहमी गमतीचे वाटते. बत्तिशीच्या आसपास कॅमिलस येशूसंघीयांच्या शाळेत पोरांच्या बाकावर बसून लॅटिन शिकले, आणि २६ मे १५८४ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. दीक्षा देणारे होते इंग्लंडमधून परागंदा झालेले महागुरू टॉमस गोल्डवेल.

मग त्यांनी व्हॅटिकनजवळच्या सांतो स्पिरितो इस्पितळात काम सुरू केले. आपल्या बंधूंसाठी त्यांनी नियम लिहिले. खाट कशी घालावी, चादर कशी बदलावी, घास कसा भरवावा, आजाऱ्याशी कोणत्या आवाजात बोलावे, असल्या बारीकसारीक गोष्टी त्यांत आहेत. साऱ्याचे माप एकच : एकुलते एक लेकरू आजारी पडल्यावर आई जशी वागते तसे वागावे. खिडक्या उघड्या असाव्यात, ज्याला जे पचेल ते त्याला द्यावे, साथीच्या रोग्याला वेगळे ठेवावे, असा त्यांचा आग्रह होता. त्या काळी रोगजंतू कोणाला माहीत नव्हते. खाटेजवळ रात्ररात्र बसलेल्या माणसाला जे दिसते, त्यावरूनच त्यांना हे कळले होते.

आता थोडे आपल्याकडचे. असाध्य आजाऱ्यांसाठी भारतातील पहिले शुश्रूषागृह म्हणून ज्याची गणना होते, ते १९८६ साली मुंबईतच, वांद्र्याच्या माउंट मेरीच्या टेकडीवर सुरू झाले. टाटा इस्पितळातील कर्करोग शल्यविशारद डॉ. लुईस जोझे डिसोझा ह्यांनी ते स्थापन केले. त्याचे नाव शांती अवेदना. ह्या नावातला 'अ' महत्त्वाचा. बरे करण्याचे वचन त्यात नाही, वेदना नसण्याचे आहे. कर्करोग पुढे गेलेल्या रोग्यांना तेथे विनामूल्य ठेवले जाते. ह्या विद्येला आधुनिक रूप दिले ते लंडनच्या डॉ. सिसिली साँडर्स ह्यांनी. १९५८पासून त्या धर्मभगिनींच्या सेंट जोसेफ्स शुश्रूषागृहात काम करीत होत्या. भगिनींकडे माया भरपूर होती. साँडर्सबाईंनी तिला घड्याळ आणि नोंदवहीची जोड दिली. वेदना उसळल्यावर मॉर्फिन द्यायचे नाही, ती उसळण्याआधीच ठरल्या वेळी द्यायचे, आणि काय दिले, काय झाले ते लिहून ठेवायचे. १९६७ साली त्यांनी स्वतःचे सेंट क्रिस्टोफर्स उघडले. त्या वारल्या २००५ साली, आणि तारीख होती १४ जुलै, म्हणजे कॅमिलस ह्यांचीच.

मॉर्फिनचे नाव काढले की आपल्याकडे घरचे घाबरतात, सवय लागेल म्हणतात. ज्याचे दिवस मोजलेले आहेत त्याच्या बाबतीत ही भीती अनाठायी आहे, आणि डॉक्टरांनी हिशेबाने दिलेली मात्रा वेदनेसाठी असते, प्राण घेण्यासाठी नव्हे. ख्रिस्तसभेची शिकवणही वेदनाशमनाच्या आड येत नाही. पोप पायस बारावे ह्यांनी १९५७ सालीच हे स्पष्ट केले होते. अडचण कायद्याची होती. १९८५च्या अंमली पदार्थांच्या कायद्यामुळे इतके परवाने लागत की बहुतेक इस्पितळांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. २०१४ साली त्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांसाठी वाट सोपी झाली. म्हणून कोणतेही शुश्रूषागृह पाहायला गेलात की पहिला प्रश्न हाच विचारा : तुमच्याकडे मॉर्फिन आहे का, ते लिहून देणारा डॉक्टर किती वेळा येतो, आणि रात्री दोन वाजता वेदना वाढली तर कोण देतो? उत्तर गुळमुळीत आले, तर भिंती कितीही रंगवलेल्या असोत, पुढचे ठिकाण पाहावे.

दुसरे म्हणजे ठिकाण दुपारी भेटीच्या वेळेत पाहून भागत नाही. शक्य तर संध्याकाळी उशिरा जावे. स्वागतकक्षापेक्षा शेवटची खाट आणि संडास पाहावा. जो आजारी स्वतः कूस बदलू शकत नाही, त्याला साधारण दर दोन तासांनी कोण वळवते? पाठीला जखमा आहेत का? ओठ कोरडे पडलेत का? तोंड पुसायला दोन मिनिटे लागतात आणि औषधाचा खर्च शून्य, म्हणूनच ते कोण करते यावरून पुष्कळ कळते. ज्यांनी तेथे आपले माणूस ठेवले होते, त्यांच्याशी बोलावे. पैसे किती आणि कशाचे, हे आधी लेखी घ्यावे. आणि असाध्य आजारात बरे करण्याची हमी जेथे मिळते, तेथून उठून यावे.

घरीच ठेवायचे ठरले तर प्रश्न बदलतात. टाटा इस्पितळाच्या वेदनाशमन विभागाची घरी येणारी सेवा आहे. पण अशी कोणतीही सेवा घेताना ती आपल्या गावापर्यंत, म्हणजे अंबरनाथ-बदलापूरपर्यंत येते का, की नुसता फोनवर सल्ला मिळतो, हे विचारून घ्यावे. ब्यूरोतून बाई ठेवली, तर तिची ड्यूटी बारा तासांची की चोवीस तासांची, ते पाहावे. चोवीस तास जागी राहणारी बाई अस्तित्वात नाही.

येथे आम्हाला कॅमिलस ह्यांच्याशी थोडा वाद घालावासा वाटतो. पगारी माणूस चांगली सेवा करू शकत नाही, असा त्यांचा जवळजवळ सिद्धांतच होता. त्यांनी जे पाहिले त्यावरून तो साहजिक आहे. पण पगार आणि प्रीती ह्या एकमेकींना बाद करणाऱ्या गोष्टी नव्हेत. इस्पितळात मावशी म्हणून काम करणाऱ्या स्त्रिया आपल्याच चाळींत राहतात, आणि परक्याच्या आईला त्या स्वतःच्या आईसारखे पुसतात हे पुष्कळांनी पाहिले असेल. उलट, फुकट सेवा करणाराही आजाऱ्याला आपल्या पुण्याचे साधन समजू शकतो. बिघाड पगाराने होत नाही, तो अपुऱ्या पगाराने, एकट्या माणसावर वीस खाटा टाकल्याने आणि विचारणारे कोणी नसल्याने होतो. हे कॅमिलसनाही उमगले असावे, कारण त्यांनी नुसती प्रीती सांगितली नाही, नियम लिहिले आणि स्वतः फिरून तपासले.

१५८६ साली पोप सिक्स्तस पाचवे ह्यांनी मेळ्याला मान्यता दिली आणि झग्यावर लाल क्रूस लावण्याची परवानगीही दिली. १५९१ साली त्याचा संघ झाला. साथीचा रोग असला तरी आजाऱ्याची सेवा करीन, असे चौथे व्रत ह्या संघाचे सदस्य घेतात. नेपल्सजवळ साथीच्या जहाजांवर कोणी चढेना, तेव्हा हे बंधू चढले आणि दोघे तेथेच गेले. १५९५ साली हंगेरीतील लढाईत त्यांचे बंधू जखमी सैनिकांमागे होते, आणि आजच्या रेड क्रॉसच्या कितीतरी आधी रणांगणावर लाल क्रूस दिसला. रोममध्ये ते घरोघरी जाऊन मरणाऱ्यांजवळ बसत. लोक त्यांना चांगल्या मरणाचे फादर म्हणू लागले.

१५९८च्या नाताळात तिबेर नदीला न भूतो असा पूर आला. सांतो स्पिरितोत पाणी शिरत असताना कॅमिलस ह्यांनी बंधूंना घेऊन एकेका आजाऱ्याला खांद्यावरून वरच्या मजल्यावर नेले, तेही त्या चिघळलेल्या पायाने. २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीने बदलापुरात काय केले ते ज्यांनी पाहिले, त्यांना अंथरुणाला खिळलेला माणूस वर नेणे म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको.

१६०७ साली त्यांनी संघप्रमुखपद सोडले. पाय, अंतर्गळ, मूतखडा, अन्नावरची वासना उडालेली, अशा अवस्थेत ते सांतो स्पिरितोतच राहिले. आपली सेवा करायला आलेल्यांना ते दुसऱ्या खाटांकडे पाठवून देत. उभे राहवेनासे झाल्यावरही रात्री अंथरुणातून उतरून खाटेखाटेच्या आधाराने जात आणि कोणाला काही हवे आहे का, ते विचारीत. १४ जुलै १६१४ रोजी रोममध्ये त्यांनी देह ठेवला. वय चौसष्ट होते. पँथिऑनजवळच्या मारिया माग्दालेनाच्या चर्चमध्ये त्यांची कबर आहे. १७४६ साली पोप बेनेडिक्ट चौदावे ह्यांनी त्यांना संतपद दिले.

घरी अंथरुणावर असलेल्या आजाऱ्यांची नावे पॅरिश ऑफिसात नोंदवावीत. रुग्णाभ्यंग आणि ख्रिस्तप्रसाद घेऊन आम्ही येऊ. शेवटच्या क्षणापर्यंत थांबू नये, आजारी शुद्धीवर असतानाच बोलवावे.