उद्योगमहर्षी जमशेटजी टाटा : पत हेच खरे भांडवल

परदेशी व्यापार आणि परकी भांडवल हे शब्द हल्ली घरोघरी ऐकू येतात. आपल्या ज्ञातिबांधवांची कित्येक मुले परदेशी कंपन्यांत नोकरीस आहेत. कोणी घरबसल्या संगणकाच्या पडद्यावरून माल विकतो, कोणी कंपन्यांचे भाग खरेदी करतो, तर कोणी कर्ज काढून परदेशी शिक्षणास जातो. अशा व्यवहारात माणूस कशाच्या बळावर टिकतो, असा प्रश्न तरुण मंडळी वडीलधाऱ्यांस विचारीत असतात. आम्ही सारा जन्म शाळेत शिकविण्यात घालविला. व्यापार कधी केला नाही. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर स्वानुभवाने देण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु ज्यांनी तो व्यवहार केला, त्यांत ठेच खाल्ली आणि तरीही जे उभे राहिले, अशा थोरांचे चरित्र वाचकांपुढे ठेवणे हे शिक्षकाचे कामच होय. या दृष्टीने जमशेटजी नसरवानजी टाटा यांच्यासारखे दुसरे चरित्र आम्हांस दिसत नाही. ते आपल्या ज्ञातीचे नव्हते, पारशी होते. परंतु सद्गुणास ज्ञाती नसते.

जमशेटजींचा जन्म गुजरातेतील नवसारी येथे ३ मार्च १८३९ रोजी झाला. घराणे पारशी धर्मोपाध्यायांचे. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले उपाध्येपण सोडून त्यांचे वडील नसरवानजी मुंबईस आले आणि व्यापारात पडले. मुलगाही पुढे मुंबईस आला आणि एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून १८५८ साली शिक्षण पुरे करून बाहेर पडला. वाचनाची गोडी त्यांस तेथे लागली, ती अखेरपर्यंत सुटली नाही. पुढच्याच वर्षी वडिलांनी त्यांस पेढीची शाखा काढण्यासाठी हाँगकाँगला धाडले. त्या काळच्या रीतीप्रमाणे मुंबईहून कापूस आणि अफू चीनकडे जाई आणि तिकडून चहा, रेशीम इत्यादी माल येई. अफूच्या व्यापारात तेव्हाचे बहुतेक मोठे व्यापारी गुंतलेले होते. आज तो व्यापार कोणासही भूषणावह वाटणार नाही, आणि चरित्र लिहिताना ते झाकून ठेवण्याचेही कारण नाही.

इतक्यात १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि लँकशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे डोळे लावून बसल्या. मुंबईत पैशाचा पूर आला. नव्या बँका, नव्या कंपन्या रोज निघू लागल्या. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांच्या भागांस तर सोन्याचे मोल आले. इंग्लंडमध्ये हिंदी बँक काढावी या हेतूने जमशेटजींस लंडनला पाठविण्यात आले. त्यांच्यापाशी तारण म्हणून होते ते बहुतांशी कागद, म्हणजे भाग आणि रोखे. १८६५ साली अमेरिकेतील युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, मुंबईच्या पेढ्या धडाधड बुडाल्या आणि जमशेटजींच्या हातातील कागद रद्दीच्या मोलाचे झाले. परका मुलुख, वय सव्वीस, आणि दाराशी धनको उभे!

अशा वेळी तोंड लपविणारे पुष्कळ असतात. जमशेटजी मात्र स्वतः होऊन धनकोंपुढे गेले आणि पेढीची खरी स्थिती त्यांनी काहीही हातचे न राखता सांगितली. या सरळपणाचा परिणाम असा झाला की, धनकोंनी त्यांच्यावर दावे लावण्याऐवजी त्यांच्याच पेढीचा हिशेब मिटविण्याचे काम त्यांच्यावर सोपविले आणि त्याबद्दल दरमहा २० पौंड वेतनही ठरवून दिले. इकडे नसरवानजींनी राहते घर विकून देणी भागविली. पैसा गेला, पण टाटांचे नाव राहिले. पुढील सर्व वैभवाचा पाया या दोन वर्षांत घातला गेला असे आम्ही मानतो. हजारो कोस दूर असलेला माणूस आपल्याला माल देतो किंवा पैसा देतो, तो आपले तोंड पाहून नव्हे. आपला शब्द खरा ठरतो की नाही, एवढेच तो पाहतो. त्या काळी हुंडी बोटीतून जात असे, आज पैसा क्षणात जातो. पण विश्वासाचे काम तेव्हा होते तेच आज आहे.

१८६८ साली जमशेटजींनी २१,००० रुपयांच्या भांडवलावर स्वतःची पेढी काढली. दुसऱ्या वर्षी चिंचपोकळीतील एक बुडीत तेलगिरणी विकत घेऊन तिची कापडगिरणी केली आणि दोन वर्षांनी ती नफ्यात विकली. मग ते लँकशायरला गेले. तेथील कारखाने पाहून त्यांच्या मनात विचार आला की, आपल्या शेतातला कापूस सातासमुद्रापार जातो आणि त्याचेच कापड होऊन आपल्याकडे येते. मग जेथे कापूस पिकतो तेथेच गिरणी का नसावी? मुंबईबाहेर गिरणी काढणे तेव्हा वेडेपणाचे वाटे. जमशेटजींनी मात्र नागपूर निवडले. कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ आणि आगगाडी दारात. जुम्मा तलावाजवळची पाणथळ जमीन त्यांनी घेतली आणि भर घालण्यास सुरुवात केली. एका मारवाडी सावकाराने, सोने मातीत पुरणाऱ्या या माणसास पैसे देण्याचे नाकारले, आणि पुढे त्यानेच आपली चूक झाली, त्या मातीतून सोनेच निघाले, अशी कबुली दिली, असे सांगतात. १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले होते, म्हणून गिरणीचे नाव एम्प्रेस ठेवले. ही गिरणी आता चालू नाही. परंतु नव्या धर्तीच्या चात्या इंग्लंडमधील गिरण्यांनीही पुरत्या स्वीकारल्या नव्हत्या तेव्हा त्या येथे बसविण्यात आल्या, आणि कामगारांसाठी निवृत्तिनिधी व अपघाताची भरपाई यांची सोय कायद्याची वाट न पाहता करण्यात आली, हे नागपूरकरांनी विसरू नये.

१८८६ साली त्यांनी कुर्ल्याची धरमसी गिरणी साडेबारा लाख रुपयांस घेतली. सौदा स्वस्त वाटला, पण यंत्रे मोडकळीस आलेली निघाली. भागाची किंमत घसरली आणि लोक कुजबुजू लागले. भागीदारांना वाऱ्यावर सोडून अंग काढून घेणे कायद्याने अशक्य नव्हते. जमशेटजींनी तसे न करता एम्प्रेस गिरणीतील स्वतःचे काही भाग विकून पैसा उभा केला, नागपूरची कसबी माणसे आणली आणि गिरणी उभी केली. तिचे नाव त्यांनी स्वदेशी ठेवले. बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीची चळवळ उसळली, त्याच्या सुमारे वीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

आता एका अपयशाची हकीकत सांगणे आवश्यक आहे. मुंबईचे सूत चीन-जपानकडे जाई, पण ते नेणारी बोट परक्यांची. पी. अँड ओ. ही ब्रिटिश कंपनी आणि तिच्या साथीच्या कंपन्या मनमानी भाडे घेत. १८९३ साली जमशेटजी जपानला गेले आणि निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीशी त्यांनी बरोबरीच्या नात्याने करार केला. स्वतःही भाड्याने बोटी घेऊन चालविल्या. टनामागे १९ रुपये भाडे होते, ते टाटांनी १२ रुपयांवर आणले. तेव्हा प्रतिपक्षाने ते २ रुपयांच्याही खाली नेले आणि टाटांच्या बोटीने माल न पाठविणाऱ्यास वेगळी सूट देऊ केली. जपानच्या सूतगिरणीवाल्यांनी एकजुटीने आपल्या देशाच्या कंपनीस माल दिला आणि ती वाहतूक टिकली. मुंबईचे व्यापारी मात्र तात्पुरत्या स्वस्ताईला भुलले आणि एकेक करून टाटांना सोडून गेले. लाखावर रुपयांचे नुकसान सोसून जमशेटजींना बोटी बंद कराव्या लागल्या. परक्यांचे बळ मोठे होते हे खरे. पण पराभव त्या बळाने झाला, त्याहून अधिक आपल्या फुटीने झाला. आज फार स्वस्त देऊन पेठ काबीज करण्याची रीत आपण पुष्कळ पाहतो. ती रीत नवी नाही, आणि तिला भुलणारेही नवे नाहीत.

जमशेटजींचे सर्वांत मोठे स्वप्न पोलादाचे. चांदा जिल्ह्यातील लोखंडाविषयी एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल त्यांनी १८८२ साली वाचला होता. तेव्हाचे खाणींचे नियम जाचक होते. ते १८९९ साली सैल झाले, तेव्हा साठीत आलेल्या या गृहस्थाने पुन्हा कंबर कसली. १९०२ साली ते अमेरिकेस जाऊन पोलादाचे कारखाने पाहून आले आणि न्यूयॉर्कचे नामांकित अभियंते चार्ल्स पेज पेरिन यांस त्यांनी या कामी घेतले. विद्या जेथे असेल तेथून घ्यावी, यंत्र जेथे उत्तम असेल तेथून आणावे, यात त्यांस कधी कमीपणा वाटला नाही. परंतु कारखाना पुरा झालेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे त्यांचे देहावसान झाले. आदल्याच वर्षी मुंबईचे ताजमहाल हॉटेल सुरू झाले होते.

चिरंजीव दोराबजींनी काम पुढे चालविले. भांडवलासाठी प्रथम लंडनचा बाजार गाठला. पण तेथील धनिकांनी या ना त्या अटी घालून वेळ काढला आणि पैसा उभा राहीना. तेव्हा १९०७ साली मुंबईतच भाग विक्रीस काढण्याचे ठरले. स्वदेशीचे वारे देशभर होते. पहाटेपासून रात्रीपर्यंत टाटांच्या कचेरीपुढे माणसांची रीघ लागली. त्यांत श्रीमंत होते तसे बेताच्या स्थितीचे होते, वृद्ध होते, स्त्रियाही होत्या. तीन आठवड्यांत सुमारे ८,००० हिंदी लोकांनी १६ लाख ३० हजार पौंडांचे सारे भांडवल उभे केले, आणि पुढे चालू खर्चासाठी लागणारे ४ लाख पौंडांचे कर्जरोखे एकट्या ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतले. १९१२ साली साकची येथे पोलादाचा पहिला रस निघाला. १९१९ साली त्या गावास जमशेदपूर हे नाव मिळाले.

येथे वाचकांनी क्षणभर थांबून विचार करावा. ज्यांनी पैसे दिले त्यांतील बहुतेकांनी पोलादाची भट्टी जन्मात पाहिली नव्हती, आणि ज्याचे स्वप्न होते तो पुरुष तीन वर्षांपूर्वीच गेला होता. मग त्यांनी पैसा दिला तो कशावर? १८६५ साली लंडनमध्ये जे खरे बोलणे झाले, कुर्ल्याच्या गिरणीसाठी जी पदरमोड झाली, त्याच्यावर दिला. पत अशी वर्षानुवर्षे साठते आणि माणसामागेही कामास येते.

याच कंपनीने शंभर वर्षांनी, २००७ साली, ब्रिटनमधील कोरस ही पोलाद कंपनी सुमारे १,२०० कोटी डॉलर्स देऊन विकत घेतली. ज्या लंडनने पैसा दिला नव्हता तेथे हिंदी भांडवल पोहोचले, म्हणून सर्वांस अभिमान वाटला. परंतु हा व्यवहार पुढे जड गेला आणि २०२४ साली वेल्समधील पोर्ट टॅलबॉट येथील शेवटची झोतभट्टी बंद झाली. परदेशात पैसा गुंतविणे हे स्वतःच यश नव्हे, हेही यावरून ध्यानी घ्यावे.

शेवटी एका गोष्टीकडे आपल्या संस्थेच्या चालकांचे लक्ष वेधावेसे वाटते. १८९२ साली जमशेटजींनी परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी स्थापिला. तो दान म्हणून नव्हे, कर्ज म्हणून दिला जाई; विद्यार्थ्याने कमावता झाल्यावर पैसे परत करावे, म्हणजे दुसऱ्याची सोय होईल, अशी योजना होती. आरंभी हा निधी केवळ पारशांसाठी होता. १८९४ साली त्यांनी तो सर्व हिंदी विद्यार्थ्यांस खुला केला. त्याचा लाभ घेणाऱ्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. पुढे १८९८ साली त्यांनी आपल्या मिळकतीचा फार मोठा वाटा विज्ञानसंस्थेसाठी देऊ केला आणि त्यातूनच त्यांच्या मृत्यूनंतर, १९०९ साली, बंगळूरची संस्था उभी राहिली.

आपल्या ज्ञातीच्या विद्यार्थी-साहाय्य निधीनेही हा कित्ता गिरवावा. घेणाऱ्याने परत करावे आणि परत आलेले दुसऱ्याच्या उपयोगी पडावे. मुलास वीस-बावीसाव्या वर्षी घेतलेले फेडण्याची सवय लागली, तर पुढे तो जगाच्या कोणत्याही पेठेत ताठ मानेने उभा राहील; आणि ती लागली नाही, तर लाखांचे भांडवलही त्याच्यापाशी टिकणार नाही. आणि निधी बळकट झाल्यावर ज्ञातीबाहेरील गरजू मुलासही दार उघडे ठेवावे, एवढे मोठे मन आम्हां सर्वांस लाभो. जमशेटजींच्या पवित्र स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.