हेन्री डार्सी : वाळूची नळी आणि आपल्या रस्त्याखालचा राडारोडा

कल्याण-डोंबिवलीत जुनी इमारत पाडून टॉवर उभा राहणं आता रोजचंच झालंय. त्यातून निघणारं डेब्रिज भरडून रस्त्याच्या खालच्या थरात वापरता येतं. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१७ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या (आयआरसी १२१). पण पावसाचं पाणी त्या थरातून झिरपताना सोबत काय घेऊन जातं? चहापत्तीवरून पाणी गेलं की रंग उतरतो, तसंच हे. याला म्हणतात लीचिंग. ते मोजायची जी नळी आज लॅबमध्ये असते, तिच्यामागचं गणित एका फ्रेंच इंजिनिअरचं आहे.

हेन्री डार्सीचा जन्म १८०३ चा, गाव फ्रान्समधलं दिजाँ. चौदाव्या वर्षी वडील गेले. आईने खटपट करून शिकवलं आणि तो पॅरिसच्या नामांकित इंजिनिअरिंग शाळांमधून सरकारी इंजिनिअर होऊन गावी परतला. दिजाँचं पाणी तेव्हा अगदी खराब होतं. डार्सीने सुमारे १२ किलोमीटरवरच्या रोझ्वार झऱ्यापासून बंदिस्त कालवा काढला आणि १८४० मध्ये पंपाशिवाय, फक्त उतारावर पाणी शहरात आणलं. या कामाचे पैसे त्याने घेतले नाहीत.

१८४८ च्या क्रांतीनंतर राजकारणामुळे त्याला दिजाँ सोडावं लागलं. मग पॅरिसमध्ये पाणी आणि रस्ते, दोन्ही त्याच्याकडे आले. लंडनचे खडीचे रस्ते बघून त्याने १८५० मध्ये लंडन आणि पॅरिसच्या रस्त्यांवर अहवाल लिहिला. म्हणजे गडी नुसता पाणीवाला नव्हता! हा भाग आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत येतच नाही.

तब्येत ढासळल्यावर तो दिजाँला परतला. १८५५-५६ मध्ये तिथल्या रुग्णालयात त्याने एक लोखंडी नळी उभी केली. व्यास ३५ सेंटिमीटर, उंची माणसापेक्षा जास्त. आत वाळू, वरून पाणी. पाणी गाळायला किती वाळू लागेल, एवढंच त्याला बघायचं होतं. निघाला तो नियम असा : वरच्या आणि खालच्या पाण्याच्या दाबातला फरक दुप्पट केला की प्रवाह दुप्पट, वाळूचा थर दुप्पट जाड केला की प्रवाह निम्मा. बाकी सगळं ठरवतो एक आकडा, जो त्या मटेरियलचा स्वतःचा असतो. त्यालाच आपण पारगम्यता म्हणतो. १८५६ मध्ये दिजाँच्या पाणीपुरवठ्यावरच्या जाडजूड ग्रंथात हे छापलं, तेही मागे परिशिष्टात. १८५८ च्या जानेवारीत न्यूमोनियाने तो गेला.

लीचिंगशी त्याचा स्वतःचा काही संबंध नव्हता. पण आजच्या चाचणीत नळी तशीच उभी असते, फक्त लहान : सुमारे ३० सेंटिमीटर उंच, ५ किंवा १० व्यासाची. युरोपच्या पद्धतीत पाणी खालून वर चढवतात, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. वेग दिवसाला फक्त १५ सेंटिमीटर. बाहेर येणारं पाणी सात हप्त्यांत गोळा करून तपासतात. एक किलो मटेरियलमागे १० लिटर पाणी गेलं की चाचणी संपते. ताज्या भरडलेल्या काँक्रीटचं पाणी चांगलंच अल्कलीयुक्त निघतं, पीएच १२ च्या आसपास. सिमेंटमधलं थोडं क्रोमियम आणि पीओपीमधलं सल्फेटही उतरतं.

आता हिशोब आपल्या गल्लीत आणू. डेब्रिजचा थर ३० सेंटिमीटर धरला तर एका चौरस मीटरखाली साधारण ६०० किलो माल बसतो. किलोला १० लिटर, म्हणजे ६,००० लिटर. इकडे वर्षाला २,५०० मिलिमीटर पाऊस धरा, म्हणजे चौरस मीटरमागे २,५०० लिटर. वरचा थर धड असेल आणि त्यातलं १० टक्के पाणीच आत गेलं, तर लॅबमधल्या महिन्याभराच्या चाचणीला रस्त्यावर २४ वर्षं लागतील. तोच रस्ता उखडला आणि निम्मं पाणी आत गेलं, तर पाच वर्षंही नाहीत. खड्डा म्हणजे फक्त गाडीच्या सस्पेन्शनचा प्रश्न नाही.

डार्सीचा आकडा इथे पुन्हा लागतो. रोलरने दाबलेला थर इतका घट्ट बसला की पाणी आरपार न जाता बाजूने वाहतं, तर नळीची चाचणी चुकीचं चित्र देते. मग मटेरियलचा दाबलेला ठोकळा पाण्यात ठेवून त्याच्या पृष्ठभागावरून काय सुटतं ते मोजतात. म्हणून आधी पारगम्यता, मग कुठली चाचणी ते.

शिवाय नळी सतत ओली असते. आपला रस्ता चार महिने भिजतो आणि आठ महिने सुकतो. सुकताना हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये मुरतो, पीएच हळूहळू उतरतो आणि त्याबरोबर कुठला धातू किती सुटेल हेही बदलतं. त्यामुळे उल्हास किंवा काळू नदीलगतचा रस्ता असेल तर नळीतल्या आकड्यांवर थांबून चालणार नाही. थोडा तुकडा बांधायचा, त्याखाली झिरपणारं पाणी गोळा करायची सोय ठेवायची आणि दोन-तीन पावसाळे ते तपासायचं.