लेडी मेहेरबाई टाटा

भगिनींनो, आपल्या पेण-रोह्याकडे कोणाच्या घरी कर्करोगाची शंका आली, की हल्ली खारघरचे नाव निघते. रोह्याहून सुटलेली गाडी पेणवरून पनवेलला जाते आणि तेथून खारघर जवळच आहे. आपल्याच जिल्ह्यातील या मोठ्या संस्थेच्या मुळाशी एका स्त्रीच्या मृत्यूचे दुःख आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल. ती स्त्री म्हणजे लेडी मेहेरबाई टाटा. मंडळाच्या वर्धापनदिनी त्यांचे स्मरण करणे उचित होईल.

मेहेरबाईंचा जन्म १० ऑक्टोबर १८७९ रोजी एका पारशी घराण्यात झाला. वडील होरमसजी भाभा हे म्हैसूर संस्थानच्या शिक्षणखात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. मुलीला त्यांनी शिक्षण दिले आणि खेळूही दिले. १८९८ साली जमशेटजी टाटा यांचे थोरले चिरंजीव दोराबजी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या वेळी त्या १८ वर्षांच्या होत्या आणि पती ३८ वर्षांचे. वयातील हे अंतर त्यांच्या संसारात कधी आड आले नाही.

श्रीमंताघरची सून म्हणून त्या दागिन्यांत मढून बसल्या नाहीत. टेनिस त्या साडी नेसूनच खेळत आणि त्या खेळात त्यांनी साठाहून अधिक बक्षिसे मिळवली. मुंबई इलाख्यातील स्त्रियांची परिषद उभारण्यात आणि १९२५ साली राष्ट्रीय महिला परिषद स्थापण्यात त्या पुढे होत्या. १९२७ साली त्या अमेरिकेत गेल्या, तेव्हा तेथील सभेतही बालविवाहाच्या बंदीची बाजू त्यांनी मांडली. १९२९ साली झालेल्या शारदा कायद्याच्या कामी त्यांचा सल्ला घेण्यात आला होता.

दोराबजींनी त्यांना ज्युबिली नावाचा हिरा घेऊन दिला होता. त्याचे वजन २४५ कॅरट, म्हणजे कोहिनूरच्या दुपटीहून अधिक. १९२४ साली जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यावर मोठे संकट आले. कामगारांचे पगार भागविण्यासही पैसा उरला नाही. तेव्हा पतीने आपली मालमत्ता गहाण टाकली आणि तिच्यात हा हिराही गेला. कारखाना तरला आणि हिरा परत आला. संकटात घरातले सोने काढून देणाऱ्या आपल्याकडील कितीतरी गृहिणींना या प्रसंगाचे मोल सांगावयास नको.

पुढे मेहेरबाईंना रक्ताच्या कर्करोगाने गाठले. पैशाला तोटा नव्हता, विलायतेतील डॉक्टर होते. पण त्या काळी या रोगावर गुण येईल असे औषधच नव्हते. १८ जून १९३१ रोजी वेल्समधील एका शुश्रूषागृहात, वयाच्या ५१ व्या वर्षी त्या निवर्तल्या.

दोराबजींनी ते दुःख उगाळीत न बसता कामाला लावले. १९३२ साली त्यांनी पत्नीच्या नावाने रक्ताच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी एक निधी स्थापन केला आणि आपली उरलेली सर्व मालमत्ता दुसऱ्या विश्वस्त निधीला दिली. त्याच वर्षी ३ जूनला जर्मनीत त्यांचेही निधन झाले. ज्युबिली हिरा विकला गेला व त्याचा पैसा त्या निधीत जमा झाला. त्याच निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले. १९६२ साली ते सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे गेले. त्या वेळी खात्याचे प्रमुख होते डॉ. होमी भाभा, म्हणजे मेहेरबाईंचे सख्खे भाचे. आत्याच्या स्मरणार्थ उभे राहिलेले रुग्णालय भाच्याच्या हाती आले. याच संस्थेची संशोधन शाखा पुढे खारघरला आली.

खारघरचे संशोधक आणि पवईच्या आयआयटीतील शास्त्रज्ञ यांनी मिळून केलेले एक संशोधन २०१५ साली प्रसिद्ध झाले. स्निग्ध द्रव्याचे, केसाच्या जाडीहून शेकडो पटींनी लहान असे गोळे करून त्यांवर त्यांनी सोन्याचा मुलामा चढविला. आपल्या पेणच्या कारखान्यांत मूर्तीच्या मुकुटावर सोनेरी हात फिरवितात, तसेच समजा. हे कण गाठीत सोडावयाचे आणि बाहेरून डोळ्यांना न दिसणारा तांबड्यापलीकडचा प्रकाश टाकावयाचा. हा प्रकाश कातडीतून काही अंतर आत जातो. सोने तो शोषून तापते आणि गाठीतील पेशी जळतात. आजूबाजूचे निरोगी मांस बरेचसे वाचते. काम झाल्यावर कण विरघळून शरीराबाहेर पडावेत, अशी त्यांची योजना आहे. जपानमध्ये याच कामी गॅलियम हा धातू असलेले पातळ मिश्रण वापरून पाहतात. गॅलियम ३० अंशांच्या आतच वितळतो, म्हणजे मुठीत धरला तरी थिजल्या तुपासारखा पातळ होतो. त्याच्या कणांना चमकणारा रंग जोडला, की गाठ कोठे आहे तेही दिसते आणि त्याच कणांनी ती जाळताही येते. हे सारे प्रयोग उंदरांवर झालेले आहेत. शिवाय ही युक्ती गाठीसाठी आहे. मेहेरबाईंच्या रक्ताच्या रोगावर ती चालणारी नव्हे. त्या रोगावर आता निराळी औषधे निघाली आहेत आणि पुष्कळ रोगी बरेही होतात.

परंतु भगिनींनो, औषध कितीही निघाले तरी त्याच्यापर्यंत आपण वेळेवर पोचले पाहिजे. स्तनातील गाठ पुष्कळदा दुखत नाही, म्हणून ती लपविली जाते. मिश्री लावता लावता तोंडात न भरणारा चट्टा पडतो, आणि सणवार आटोपू दे, भातलावणी होऊ दे, म्हणत महिने जातात. मेहेरबाईंजवळ सर्व काही होते, उपाय तेवढा नव्हता. आपल्याजवळ आज उपाय आहे आणि तो गाडीच्या वाटेवर आहे. मग केवळ लाजेपायी आणि घरच्या कामापायी आपण तो दवडावा काय? यंदा मंडळातील प्रत्येकीने स्वतःची तपासणी करून घ्यावी आणि शेजारणीलाही बरोबर न्यावे. मेहेरबाईंना आपली आदरांजली ती हीच.