दुसऱ्यांचा पैसा सांभाळणारा थॉमस कुक

आमच्या बँकिंगच्या पुस्तकात ‘प्रवासी धनादेश’ या विषयाला जेमतेम अर्धे पान मिळाले आहे. व्याख्या, चार फायदे, दोन तोटे, की लगेच पतपत्राचे प्रकरण सुरू. त्यात लेखकाचा दोष नाही. असा धनादेश आता व्यवहारात फारसा दिसतच नाही. परदेशी जाणारा मनुष्य खिशात कार्ड घालून विमानात बसतो. परंतु त्या अर्ध्या पानामागे ज्या माणसाचे आयुष्य उभे आहे, तो ना बँकर होता ना सावकार. तो सुतारकाम शिकलेला, गावोगाव पायी हिंडणारा धर्मप्रचारक आणि दारूबंदीचा कट्टर पुरस्कर्ता होता. मला सर्वांत नवल वाटले ते याचे, की स्वतःचे एकदा दिवाळे वाजल्यानंतर तो दुसऱ्यांच्या पैशाचा रखवालदार झाला.

थॉमस कुकचा जन्म २२ नोव्हेंबर १८०८ रोजी इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात मेलबर्न नावाच्या गावी झाला. वडील लवकर वारले. दहाव्या वर्षी शाळा सुटली आणि हा मुलगा एका भाजीमळेवाल्याकडे आठवड्याला सहा पेन्सवर राबू लागला. पुढे चुलत्या-मामांच्या आधाराने लाकूडकाम शिकला. बाप्टिस्ट पंथाच्या वतीने त्याने खेडोपाडी प्रचार केला. १८२९ या एका वर्षात तो दोन हजारांहून अधिक मैल पायी चालला असे सांगतात. पायपीट म्हणजे काय, वाटेत अन्नपाण्याची पंचाईत म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवावे लागले नाही.

१८४१ च्या जून महिन्यात दारूबंदीच्या एका सभेला चालत जाताना त्याच्या डोक्यात कल्पना आली, की नवीन निघालेली आगगाडी या कामी का वापरू नये? ५ जुलै १८४१ रोजी त्याने सुमारे पाचशे माणसे लेस्टरहून लफबरोला नेऊन आणली. अंतर अकरा-बारा मैल, जाण्यायेण्याचे भाडे एक शिलिंग. आपल्याकडून यल्लमाच्या जत्रेला गाड्या जुंपून निघणाऱ्या मंडळींना यात विशेष काही वाटणार नाही. विशेष होते ते एवढेच, की पाचशे माणसांच्या वतीने एका माणसाने रेल्वे कंपनीशी सौदा केला आणि प्रत्येकाला आधीच कळले की आपल्याला नेमके किती पडणार.

पुढल्या चार-पाच वर्षांत त्याने हाच धंदा केला, आणि १८४६ मध्ये साडेतीनशे माणसे घेऊन स्कॉटलंडला गेल्यावर त्या सुमारास त्याचे दिवाळे निघाले. त्याचे चरित्र वाचताना वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला मधूनमधून राग येतो. माणूस कष्टाळू, प्रामाणिक, डोके सुपीक. पण कीर्द-खतावणीशी त्याचे कधी जमले नाही. गरिबाला सवलत, पाद्र्याला सवलत, व्यसनमुक्तीवाल्याला सवलत! तरी तो उठून उभा राहिला. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनाला त्याने दीड लाखाहून अधिक माणसे पोचवली. त्यातले कितीतरी कामगार होते आणि त्यांनी लंडन पूर्वी पाहिलेले नव्हते.

खरी कसोटी लागली समुद्रापलीकडे. १८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी त्याने अँटवर्प, ब्रुसेल्स, कोलोनमार्गे मंडळी नेली आणि त्यात खोट खाल्ली. १८६३ मध्ये तो स्वित्झर्लंडला गेला. तोपर्यंत परदेशी फिरणे हा सरदार-जमीनदारांचा छंद होता. त्यांच्याजवळ नोकर असत, वाटाड्या असे, आणि बँकरने दिलेले पतपत्र असे. कुकच्या मंडळींत शिक्षक, कारकून, दुकानदार आणि बऱ्याच स्त्रिया होत्या. यांना पतपत्र कोण देणार? जर्मनी अजून एक राष्ट्र झाले नव्हते. हद्द ओलांडली की नाणे बदले, आणि नाणे बदलले की बट्टा बसे. भाषा येत नाही, दर माहीत नाही, खानावळवाला मागेल ते द्यायचे. रोकड जवळ बाळगावी तर चोराचे भय, न बाळगावी तर उपाशी राहण्याचे. आपल्याकडे काशीयात्रेला निघालेला माणूस कमरेला कसा बांधून, त्यावर हात ठेवून झोपे. तसा हातही आल्प्सच्या वाटेवर चालणाऱ्याला रिकामा राहत नाही.

यावर कुकचा पहिला तोडगा म्हणजे स्वतः बरोबर जाणे. एकट्या बायकांना घरून परवानगी मिळे ती या एका कारणाने. पण एक माणूस किती ठिकाणी जाणार? म्हणून १८६८ मध्ये त्याने हॉटेलची कुपने काढली. प्रवाशाने लंडनमध्येच पौंडांत पैसे भरून कुपनांचे पुस्तक घ्यायचे. मुक्कामाला पोचल्यावर झोपायला एक कुपन, न्याहारीला एक, जेवणाला एक. हॉटेलवाला ती गोळा करून कुककडे पाठवी आणि पैसे घेई. परक्या नाण्याचा प्रश्न मिटला, घासाघीस मिटली, आणि खिशात पैसाच नसल्याने चोरण्यासारखेही थोडेच उरले. हॉटेलवाल्याने कुपन का घ्यावे? कारण पुढच्या उन्हाळ्यात कुकची शंभर माणसे पुन्हा यायची होती. आमच्या रविवार पेठेत मराठी अडत्या ज्याला पत म्हणतो आणि शेजारच्या दुकानातला कन्नड अडत्या नंबिके म्हणतो, ती हीच.

दुसरी युक्ती १८७४ ची. तिला त्याने परिपत्रकी नोट म्हटले. कल्पना त्याची नव्हती हे स्पष्ट सांगितले पाहिजे. रॉबर्ट हेरिस नावाच्या बँकरने अशा नोटा लंडनमध्ये १७७२ मध्येच काढल्या होत्या. पण त्या श्रीमंतांसाठी होत्या. कुकने ती सोय साध्या प्रवाशाच्या हाती आणली आणि न्यूयॉर्कमध्ये तिची सुरुवात केली. अशा नोटेची रीत मला फार आवडते. ठराविक रकमेच्या नोटा विकत घ्यायच्या. त्यांच्याबरोबर एक ओळखपत्र मिळे, त्यावर प्रवाशाची सही असे. नोट वटवताना बँकेसमोर किंवा हॉटेलवाल्यासमोर पुन्हा सही करायची आणि त्याने दोन्ही ताडून पाहायच्या. मुख्य सूचना अशी, की नोटा एका जागी आणि ओळखपत्र दुसऱ्या जागी ठेवावे. पाकीट मारणाऱ्याच्या हाती एक लागले तरी दुसऱ्यावाचून ते कागदाचे कपटे. आजसुद्धा कार्ड आणि त्याचा गुप्त क्रमांक एकाच पाकिटात ठेवू नये असे बँक सांगते, ती जुनीच सूचना आहे. पुढे १८९१ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेस कंपनीने दोन्ही सह्या एकाच कागदावर आणल्या आणि तो प्रवासी धनादेश पाठ्यपुस्तकात जाऊन बसला.

आमच्या विषयाच्या दृष्टीने आणखी एक गंमत आहे. प्रवासी पैसे आज भरतो आणि नोट दोन महिन्यांनी कैरोला वटवतो. मधल्या काळात तो पैसा कंपनीकडे बिनव्याजी पडून असतो. हुंडीवाल्या पेढ्यांना हे गुपित ठाऊक होते. पण ताळेबंदात हा पैसा ज्या बाजूला बसतो ती देण्याची बाजू होय. तो आपला नव्हे, हे विसरणाऱ्याला बाजारात फार दिवस उभे राहता येत नाही.

दरम्यान १८६९ मध्ये त्याने इजिप्त आणि पॅलेस्टाईनची सफर काढली. तिथे दुभाष्याशी करार केल्यावाचून प्रवाशाला पाऊल टाकता येत नसे. कुकने तंबू, घोडी, खेचरे, स्वयंपाकी यांसह सगळे एका ठरीव रकमेत आणले. २६ सप्टेंबर १८७२ रोजी, वयाच्या चौसष्टीत, एक लहानशी मंडळी घेऊन तो लिव्हरपूलहून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. अमेरिका, जपान, चीन, सिंगापूर, श्रीलंका असे करीत ही मंडळी भारतात आली, इथे आगगाडीने फिरली आणि मुंबईहून पश्चिमेकडे गेली. एकूण २२२ दिवस लागले. ऐंशी दिवसांत पृथ्वी फिरणाऱ्या नायकाची ज्यूल व्हर्नची कादंबरी नेमकी त्याच हिवाळ्यात क्रमशः छापून येत होती. कुकला घाई नव्हती.

घरात मात्र धुसफूस चालली होती. मुलगा जॉन मेसन १८६४ च्या सुमारास धंद्यात पूर्ण वेळ आला आणि १८७१ पासून कंपनीचे नाव थॉमस कुक अँड सन झाले. मुलगा हिशेबाचा पक्का, शिस्तीचा कठोर. बाप धंद्यातला पैसा धर्मकार्याला आणि दारूबंदीला लावी. मुलाच्या मते हा भागीदारीतला पैसा होता, आणि कायद्याने पाहिले तर त्याचे खरे होते. १८७८ मध्ये भांडण तुटेपर्यंत ताणले आणि बाप बाजूला झाला. वर्गात आम्ही यावर बोललो तेव्हा मुले दोन तट करून भांडली. माझे मत मुलाच्या बाजूचे आहे, पण बापावाचून त्या मुलाकडे हिशेब ठेवण्यासारखे काहीच नसते.

मुलाच्या कारकिर्दीतच कंपनीचा आपल्या देशाशी संबंध वाढला. १८८१ मध्ये मुंबईत कचेरी उघडली. १८८६ मध्ये हिंदुस्थान सरकारने हज यात्रेकरूंची व्यवस्था या कंपनीकडे सोपविली. दलाल गरिबांना लुबाडीत, जहाजांत माणसे कोंबली जात, आणि परतीचे भाडे संपलेले लोक जेद्दाला अडकून पडत. कंपनीने ठरीव भाडे, परतीचे तिकीट असे बेत आखले. ज्याच्याजवळ जायपुरतेच पैसे आहेत, तो परतीचे तिकीट कुठून घेणार? तोटा होत गेला, सरकार तो भरून देईना, आणि १८९३ च्या सुमारास हे काम सुटले.

म्हातारपणी थॉमसची दृष्टी गेली. १८८० मध्ये त्याची एकुलती मुलगी ॲनी घरातल्या नव्या गॅसच्या बंबाच्या धुराने न्हाणीघरात दगावली. १८८४ मध्ये पत्नी गेली. जगभर लोकांना सुखरूप नेऊन आणणाऱ्याच्या घरीच हे घडले. तरी तो मधूनमधून पॅलेस्टाईनची वारी करी. मेलबर्न गावी त्याने गरिबांसाठी घरे बांधली. १८९१ मध्ये कंपनीचा पन्नासावा वाढदिवस लंडनमध्ये मेजवानी देऊन साजरा झाला, तिथे तो नव्हता. १८ जुलै १८९२ रोजी लेस्टर येथे तो वारला.

नातवांच्या हातून कंपनी १९२८ मध्ये विकली गेली, मग अनेक हात बदलत राहिली. २३ सप्टेंबर २०१९ रोजी मूळ ब्रिटिश कंपनी कर्जाच्या ओझ्याखाली कोसळली. तेव्हा तिचे सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवासी परदेशी होते आणि ब्रिटनच्या सरकारने विमाने भाड्याने घेऊन त्यांना घरी आणले. मुंबईच्या कचेरीतून वाढलेली भारतीय कंपनी २०१२ पासून वेगळ्या मालकीची होती, म्हणून ती त्यात बुडाली नाही. कोसळण्याच्या एक-दोन दिवस आधी ट्युनिशियातल्या एका हॉटेलने फाटक लावून घेतले होते. आतल्या पाहुण्यांनी सगळे पैसे इंग्लंडमध्येच भरलेले होते. हॉटेलवाल्याने ते पुन्हा रोख मागितले.