हिशेब मागणारे बाबासाहेब

धुळे शहराजवळ लळिंगच्या कुरणात लांडोर बंगला आहे. दरवर्षी ३१ जुलैला खानदेशातील उपासक-उपासिका, विद्यार्थी आणि कार्यकर्ते तेथे श्रद्धेने जमतात. १९३७ साली याच तारखेला परमपूज्य बाबासाहेब डॉ. भीमराव रामजी आंबेडकर एका खटल्याच्या कामासाठी धुळ्यास आले होते आणि या बंगल्यात उतरले होते. धुळ्याच्या न्यायालयासाठी आलेले हे बॅरिस्टर त्या वेळी मुंबई विधानसभेचे निर्वाचित सदस्यही होते, याचे स्मरण मात्र आपल्याकडे कमी होते. न्यायालयात ते पक्षकारासाठी न्याय मागत आणि सभागृहात सरकारकडून न्यायाचा व तिजोरीचा हिशेब मागत. वसतिगृहात राहून शिकलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी त्यांच्या चरित्राचा हा भाग मुद्दाम अभ्यासला पाहिजे. कारण त्या हिशेबात वसतिगृहाचीही एक नोंद आहे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे बाबासाहेबांचा जन्म झाला. सुभेदार रामजींनी हालअपेष्टा सोसून त्यांना शिकविले. १९१३ साली बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती मिळाल्यामुळे ते अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनमध्ये त्यांनी अर्थशास्त्रातील डी.एस्सी. आणि बॅरिस्टर या दोन्ही पदव्या संपादन केल्या. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला आणि तो त्यांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केला. मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यात पैसा कसा वाटला गेला, कर कोणी बसविले आणि खर्चाचा अधिकार कोणाकडे राहिला, याचा तो शास्त्रशुद्ध शोध होता. सरकारी अंदाजपत्रक वाचण्याची अशी तयारी करून आलेला सभासद सभागृहात क्वचितच असतो. सार्वजनिक पैशातून मिळालेली एक शिष्यवृत्ती किती फळ देऊ शकते, याचे बाबासाहेब हे स्वतःच उदाहरण होते.

डिसेंबर १९२६ मध्ये सरकारने त्यांची मुंबई कायदेकौन्सिलवर नियुक्ती केली. १९१९ च्या कायद्याने तेव्हा द्विदल राज्यपद्धती चालू होती. शिक्षण आणि अबकारी ही सोपीव खाती मंत्र्यांकडे होती. पोलीस, न्याय आणि अर्थ ही राखीव खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाच्या हाती होती. सभासद प्रश्न विचारू शकत, ठराव मांडू शकत, एखाद्या खात्याची मागणी कमी करा अशी सूचनाही देऊ शकत. पण राखीव खात्याची कापलेली रक्कम गव्हर्नर आपल्या अधिकारात परत भरून काढू शकत असे. शिवाय सरकारनेच नेमलेल्या सभासदाने सरकारला अडचणीचे प्रश्न विचारावेत, अशी कोणाची अपेक्षा नसे. बाबासाहेबांनी तो संकेत पहिल्याच अधिवेशनात मोडला.

२४ फेब्रुवारी १९२७ रोजी ते अंदाजपत्रकावर प्रथम बोलले. व्यापारी किंवा पगारदार माणसाचे उत्पन्न ठराविक मर्यादेच्या खाली असेल तर त्याला प्राप्तिकर माफ होता. शेतकऱ्याची जमीन मात्र कितीही लहान असो आणि पीक बुडालेले असो, त्याला शेतसारा चुकत नव्हता. ही करपद्धती अन्यायाची आहे, असे त्यांनी सरकारला सुनावले. ज्वारी-कपाशीच्या कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या खानदेशाला या मुद्द्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

१२ मार्च १९२७ रोजी शिक्षण खात्याच्या मागणीवर ते बोलले, तेव्हा त्यांनी दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले. मुंबई इलाख्यात दर माणशी शिक्षणावर १४ आणे खर्च होत होते आणि दारू-अबकारीतून दर माणशी २ रुपये २ आणे ९ पै वसूल होत होते. सोळा आण्यांचा एक रुपया होतो, हे आजच्या मुलांना सांगावे लागेल. म्हणजे शिक्षणाला पुरता एक रुपयाही मिळत नव्हता. लोकांकडून अबकारीत जेवढे घेता, तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची मागणी होती. प्राथमिक शाळेत आलेल्या शंभर मुलांपैकी फक्त अठरा चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात, हेही त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखविले. कोणत्या समाजाची किती मुले महाविद्यालयात जातात याची तुलना त्यांनी केली, तेव्हा अस्पृश्य मुलांच्या रकान्यात जवळजवळ शून्य होते. आवेश न आणता, आकडा पुढे ठेवून उत्तर मागायचे, ही त्यांची रीत होती.

या भाषणानंतर आठच दिवसांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. सभागृह आणि सत्याग्रह या दोन वाटा वेगळ्या नव्हत्या, हे महाडच्या इतिहासावरून कळते. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या किंवा चालविलेल्या विहिरी, तळी, शाळा आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव कौन्सिलने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला होता. १९२६ साली ठरावाला जोड मिळाली, की जी नगरपालिका हा ठराव पाळणार नाही तिचे सरकारी अनुदान रोखावे. पैसा सर्वांचा असेल तर पाणीही सर्वांचे, हे साधे तत्त्व त्यामागे होते. महाड नगरपालिकेने १९२४ मध्येच तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. ते कागदावरच राहिले. सत्याग्रहानंतर सनातनी मंडळी दिवाणी न्यायालयात गेली आणि १४ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब व त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध तात्पुरता मनाईहुकूम निघाला. मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. ठराव संमत होऊन तेरा वर्षे आणि ओंजळभर पाणी घेऊन दहा वर्षे लोटली होती. न्याय मिळणे आणि न्याय वेळेवर मिळणे यांतले अंतर बाबासाहेबांनी स्वतः मोजले होते.

म्हणूनच न्यायदानाची रचना सभागृहापुढे येई तेव्हा ते फार बारकाईने पाहत. १९३२ साली ग्रामपंचायतींना न्यायदानाचे अधिकार देणारे विधेयक आले. गावाचा न्याय गावातच स्वस्तात व्हावा, ही कल्पना ऐकायला गोड होती. बाबासाहेबांनी विरोध केला. गाव जातीजातींत विभागलेले असताना बहुमताने निवडून आलेला पंच, त्याच बहुमताच्या रोषाला पात्र झालेल्या माणसाला निष्पक्ष न्याय कसा देईल, हा त्यांचा प्रश्न होता. न्यायाधीश मतांवर अवलंबून नसावा आणि त्याला कायद्याचे ज्ञान असावे, असे त्यांचे म्हणणे होते. गावकुसाबाहेर राहिलेल्या आपल्या वाडवडिलांना या प्रश्नाची धार ठाऊक होती.

सगळेच प्रश्न यशस्वी झाले नाहीत. १९२८ मध्ये त्यांनी १८७४ चा वतन कायदा दुरुस्त करण्याचे विधेयक मांडले. तुटपुंज्या बलुत्याच्या मोबदल्यात महारांना अहोरात्र सरकारी राबणूक करावी लागत होती, ती संपविण्यासाठी हे विधेयक होते. पुढच्याच वर्षी ते मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गावकामगार वतने नाहीशी करणारा कायदा १९५८ साली झाला, तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते.

काही प्रश्नांतून मात्र विटा-मातीची उत्तरे उभी राहिली. सोलापूर येथे बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या जानेवारीत वसतिगृह काढले होते. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी शिक्षणासाठी स्वतंत्र संस्था स्थापन केली आणि माध्यमिक शाळेतील मुलांच्या वसतिगृहांसाठी सरकारकडे अनुदान मागितले. पाच वसतिगृहांसाठी ९,००० रुपये मंजूर झाले. रक्कम अपुरी होती, म्हणून त्यांनी इतर समाजांतील दात्यांपुढेही हात पसरले. त्याच वर्षी डॉ. पुरुषोत्तम सोळंकी यांच्या ठरावावरून स्टार्ट समिती नेमली गेली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. अस्पृश्यांबरोबर आदिवासींचीही स्थिती तपासून समितीने १९३० मध्ये अहवाल दिला; त्यात शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहांवर भर होता. भिल्ल बांधवांची मोठी वस्ती असलेल्या पश्चिम खानदेशाच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हती.

१९३७ च्या निवडणुकीत ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबईतून निवडून आले. पूर्व खानदेशातून त्याच पक्षाचे दौलतराव गुलाजी जाधव विधानसभेत गेले. जुलैअखेर बाबासाहेब लळिंगला होते. २३ ऑगस्टला ते मंत्र्यांच्या वेतनाच्या विधेयकावर बोलत होते. मंत्र्यांनी पाचशे रुपये वेतन घेणे हा त्याग म्हणून सांगितला जात होता. बाबासाहेबांनी विचारले, की वेतन ठरविण्याची कसोटी कोणती? राहणीमान, कार्यक्षमता, लोकशाही आणि कारभाराची शुद्धता या कसोट्या लावल्याशिवाय केवळ कमी रक्कम हा गुण ठरत नाही, असे त्यांनी मांडले. सरकारी खर्चाचा जाब विचारणे म्हणजे सरसकट काटछाट मागणे, असा त्यांचा समज नव्हता. १७ सप्टेंबरला त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. आता प्रश्न इतरांचे होते आणि उत्तरे त्यांना द्यायची होती. प्रश्नकर्ता आणि उत्तरदाता या दोन्ही बाजूंचा अनुभव घेऊन ते संविधानाच्या मसुद्याकडे वळले. कायद्याने मंजुरी दिल्याशिवाय संचित निधीतून पैसा काढता येणार नाही, राज्याचे अंदाजपत्रक विधिमंडळापुढे आलेच पाहिजे, महालेखापरीक्षकाचा अहवाल लोकप्रतिनिधींसमोर ठेवलाच पाहिजे, या तरतुदी संविधानात आहेत. न्यायपालिका कार्यपालिकेपासून वेगळी करण्याचे निर्देशक तत्त्व नोव्हेंबर १९४८ मध्ये त्यांनीच दुरुस्तीद्वारे मांडले. आज ते अनुच्छेद ५० आहे. १९२७ साली गव्हर्नरच्या विशेषाधिकारापुढे जो प्रश्न हतबल होत असे, त्याला संविधानाने बळ दिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. तेव्हाही ते राज्यसभेचे सदस्य होते.

आज विधानसभेत तारांकित प्रश्न आहेत, लक्षवेधी आहे, कपात सूचना आहे, लोकलेखा समिती आहे. ही साधने आमदारांच्या हाती असली तरी प्रश्न पुरविण्याचे काम मतदारांचे आहे. आपल्या तालुक्यातील वसतिगृहाचे अनुदान वेळेवर आले का? मुलांची शिष्यवृत्ती कोठे अडली? अनुसूचित जाती घटक योजनेचा पैसा कोणत्या कामावर गेला? अत्याचाराचा खटला किती वर्षे तुंबला आहे? हे प्रश्न लिहून, आकड्यांसह, आपल्या प्रतिनिधीच्या हाती दिले पाहिजेत. पुढच्या ३१ जुलैला लांडोर बंगल्यावर जाताना हाती फुले असावीतच. सोबत असा एक अभ्यासपूर्वक लिहिलेला कागदही असावा. चौदा आण्यांचा हिशेब मागणाऱ्या महामानवास तेच खरे अभिवादन ठरेल.

जय भीम! नमो बुद्धाय!